सरांवर पहिल्यांदाच बोलणार असशील तर

तुझ्या बासरीच्या सरांच्या श्रद्धांजली सभेत बोलायचंय ना, घाबरू नकोस. माझ्या गुरुजींच्या श्रद्धांजली सभेत मी जन्मतारखेपासून सुरुवात केली आणि दहा मिनिटं नुसती विशेषणं वाचली. ऐकणाऱ्यांना गुरुजी दिसलेच नाहीत. आजही त्याची खंत वाटते, म्हणून तुला सांगतो.

सरांनी दिलेली एकच तालीम, म्हणजे शिकवणी, निवड. बासरी ओठांवर कशी ठेवायला लावायचे, 'सा' लागेपर्यंत किती थांबायचे. माझे गुरुजी माझी फुंक फुटली की काही न बोलता सतत सूर धरणाऱ्या तानपुऱ्याच्या पेटीचा आवाज थोडा वाढवायचे. बस, तेवढ्यावरून मला कळायचं. असं काहीतरी तुझ्याकडेही नक्की असेल.

'थोर', 'अद्वितीय' गाळ. बासरीवादक पन्नालाल घोष यांचंच बघ: ते २० एप्रिल १९६० रोजी दिल्लीत गेले. त्यांच्याबद्दल आजही आवर्जून सांगितलं जातं ते सुमारे ३२ इंचांच्या बासरीचं: लांब, जाड बांबूमुळे खर्जाचे, म्हणजे खालचे, स्वर मिळाले आणि ख्याल गायकीतला संथ आलाप बासरीवर रंगू लागला. सरांनीही नेमकं काय केलं, ते सांग.

आणखी थोडं:
- तारखा आणि सरांच्या गुरूंचं नाव घरच्यांकडून तपासून घे. इथली चूक त्यांना फार लागते.
- पाच मिनिटं पुरेत.
- गळा दाटला तर थांब, पाणी पी. लोक थांबतात.

घराणं, रागांची बढत, ध्वनिमुद्रणांची यादी आत्ता नको; ते स्मरणिकेसाठी ठेव. बोलून झालं की त्यांनी शिकवलेली भूप रागाची पहिली सरगम वाजव, सावकाश.