कीड बदलत असताना बीटी कपाशीचं मूल्यमापन कसं करायचं?

बीटी कपाशी म्हणजे जिवाणूचं जनुक घातल्यामुळे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी. तिच्या पहिल्या दोन-तीन हंगामांच्या उताऱ्यावर निकाल देऊ नका. किडीत या विषाविरुद्ध येणारा प्रतिकार दरवर्षी वेगळा मोजा. 2002 ला एका जनुकाचं वाण आलं, 2006 ला दोन जनुकांचं, तरी 2017 ला महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने दाणादाण उडवली. तेव्हा 450 ग्रॅम बीटीसोबत मिळणारी 120 ग्रॅम बिगर-बीटीची पुडी बहुतेकांनी पेरलीच नाही, मग प्रतिकारक पतंगांना जोडीला, पुढच्या पिढीतला प्रतिकार पातळ करणारे साधे पतंग मिळणार कुठून? म्हणून उत्पादनाबरोबर हेही नोंदवा:

- आश्रय, म्हणजे साधे पतंग वाढवणारी बिगर-बीटी झाडं, खरंच किती पेरली
- कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) रात्री किती पतंग (सलग तीन रात्री 8 म्हणजे धोका)
- एकरी 20 हिरवी बोंडं फोडून अळ्या. बाहेरून बोंड धडधाकटच दिसतं

मात्र सापळा फक्त प्रादुर्भाव सांगतो; प्रतिकार कळायला अळ्या प्रयोगशाळेत बीटी विष मिसळलेल्या खाद्यावर वाढवून बघाव्या लागतात.