वाचक विचारतात : जुनी होडी, नवी डागडुजी

प्रश्न : वीस फुटी सागवानी होडी विकत घेतली आहे. दोन वर्षं उन्हात पडून होती. सांध्यांतून उजेड दिसतो. त्यांत लांबी (पुट्टी) भरून घेऊ का? आणि आधीचे मालक कसे शोधायचे?

उत्तर : लांबी नकोच. लाकूड सुकून आकसलंय. आता सांधे घट्ट भरलेत, तर पाण्यात फळ्या फुगतील, पसरायला जागा मिळणार नाही आणि आतल्या बरगड्या तडकतील किंवा खिळे उपटून येतील. होडी सावलीत घ्या, आत ओली गोणपाटं अंथरा, दोन-तीन आठवडे गोड्या पाण्याने भिजवत राहा. बरेच सांधे आपोआप मिटतात. उरलेल्यांत कापसाचा पीळ बोथट छिन्नीने हलक्या हाताने बसवा.

त्याआधी टोच्याने (टोकदार हत्याराने) तपासा : नाळेचा (होडीच्या पुढच्या टोकाचा) बुंधा, तळाचा कणा, खिळ्यांभोवतीचं लाकूड. खिळ्याभोवती काळा डाग असून टोच्या सहज रुतत असेल, तर लोखंडाच्या गंजाने लाकूड खाल्लंय. तिथे नुसता खिळा बदलून भागत नाही. फळीचा तुकडाच बदलावा लागतो. नवे खिळे तांब्याचे घ्या, पण जुन्या लोखंडी खिळ्यांना लागून नको. तांब्याला लागलेलं लोखंड खाऱ्या पाण्यात आणखी झपाट्याने गंजतं.

आधीचे मालक शोधण्यासाठी, रंग खरवडण्याआधी नाळेवरचा क्रमांक शोधा, तिरप्या उजेडात फोटो काढा. मासेमारीची होडी असेल तर मत्स्यव्यवसाय कार्यालय आणि गावची मच्छीमार सोसायटी, प्रवासी किंवा मालवाहू असेल तर बंदर कार्यालय गाठा. इंजिन असल्यास त्याचा क्रमांकही टिपा. मात्र इंजिनं बदलली जातात, केवळ त्यावर विसंबू नका.