ब्रेक कॅलिपरचा रंग बिघडला, आता काय?

प्रश्न: उष्णतारोधक लाल स्प्रेने पुढचे दोन्ही कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) गाडीवरच रंगवले. रात्री दोन हात दिले. कुठेकुठे लोखंड दिसत होतं म्हणून सकाळी तिसरा हात मारला, तर दहा मिनिटांत सगळीकडे सुरकुत्या. वरून एक जाड हात दिला तर झाकल्या जातील का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: नाही, आणखी चिघळेल. रात्रीचा रंग वरून सुकला होता, आतून मऊच होता. सकाळच्या रंगातलं थिनर वरच्या पापुद्र्यातून आत झिरपलं. पापुद्रा फुगला, पसरायला जागा नाही म्हणून तापल्या दुधावरच्या सायीसारखा दुमडला. दोन हातांमध्ये किती वेळ ठेवायचा हे डब्यावर छापलेलं असतं. अशा बऱ्याच स्प्रेंना सगळे हात पहिल्या तासाभरात द्यावे लागतात. तो तास चुकला तर रंग पूर्ण कडक होईपर्यंत, पुष्कळदा आठवडाभर, थांबावं लागतं. तुमचा तिसरा हात नेमका मधल्या नाजूक वेळेत पडला.

आता हात लावू नका. नखाने दाबून खूण उमटत नाही इतका रंग कडक होऊ द्या. ओल्या रंगावर पॉलिश पेपर घासला की तो गोळा होऊन पेपरला चिकटतो. सुरकुत्या एका कोपऱ्यातच असतील तर 180 नंबरच्या पेपरने तो भाग सपाट करा आणि 320 ने कडा इतक्या उतरत्या करा की बोट फिरवल्यावर पायरी लागणार नाही. सगळ्या कॅलिपरवर असतील तर धातूपर्यंत उतरवणं हाच मार्ग. बिडाच्या कॅलिपरला तारेचा ब्रश चालतो, अॅल्युमिनियमला नायलॉनचा किंवा पितळी घ्या. अॅल्युमिनियमला कॉस्टिक सोडा कधीही लावू नका, तो धातूच खातो. रंग काढायचं रिमूव्हर रबर खराब करतं, म्हणून पिस्टन (पॅड ढकलणारा भाग), सील आणि बूट (धूळ-पाणी अडवणारं रबरी आवरण) जागेवर असताना ते वापरायचं नाही.

उघडा धातू ब्रेक क्लीनरने दोनदा पुसा, दुसऱ्यांदा नवं फडकं घ्या. मग 20 ते 25 सेंमी अंतरावरून तीन पातळ हात, प्रत्येकी दहा मिनिटांनी. पहिल्या हातानंतर धातू थोडा दिसला तरी चालेल. ओघळ येतात ते पहिल्याच हातात सगळं झाकायच्या घाईने. पावसाच्या सरी चालू असताना स्प्रे करू नका. थिनर उडताना धातू गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि चकाकी पांढुरकी होते.

प्रश्न: रंगकाम झाल्यापासून उजवं पुढचं चाक तापतं, जळका वास येतो. मास्किंग टेप न लावता ब्रशनेच रंगवलं होतं. रंगाचा याच्याशी संबंध असेल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: दाट शक्यता आहे. दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका. चाक तापतंय म्हणजे पॅड डिस्कवरून सुटत नाही.

चाक काढा, कॅलिपर उघडा. तो होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळू देऊ नका, सस्पेंशनच्या स्प्रिंगला तारेने बांधा. आधी ब्रॅकेटमधल्या (कॅलिपर धरणाऱ्या चौकटीतल्या) खाचा बघा, जिथे पॅडचे कान बसतात. तिथे पॅडला सरकायला अगदी थोडी फट असते. ब्रशचे दोन-तीन जाड हात ती फट भरून टाकतात आणि पॅड पाचरीसारखा अडकतो. स्टीलच्या क्लिपा काढून खाचेतला रंग खरवडा. कानस चालेल, पण फक्त रंग निघाला पाहिजे, धातू नाही. क्लिपा वाकल्या असतील तर नव्या बसवा. पॅड बोटाने ढकलल्यावर सरकला पाहिजे. हातोडी लागली तर रंग अजून शिल्लक आहे.

मग स्लाइड पिना, ज्यांवर कॅलिपर सरकतो. त्या बाहेर काढून स्वच्छ पुसा आणि ब्रेकच्या रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा. चेसिसचं साधं ग्रीस नको, त्याने बुटांचं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पिस्टनच्या बुटावर रंग सुकला असेल तर तो खरवडत बसू नका. घड्यांमध्ये रंग कडक झाला की रबर तिथेच चिरतं, पाणी आत जातं, पिस्टन गंजतो. सील किट आणून बूट बदला. पिस्टनच्या बाजूला रंग असताना तो आत दाबलात तर सील फाटेल.

ब्रॅकेट नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) जिथे टेकतो तो पृष्ठभाग आणि बोल्टच्या डोक्याखालची जागाही उघड्या धातूची हवी. तिथला रंग गरम होऊन दबतो आणि घट्ट आवळलेला बोल्ट सैल पडतो. आवळण्याचा टॉर्क तुमच्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच घ्या. जोडणी झाल्यावर इंजिन चालू करून पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा, त्यानंतरच गाडी हलवा. पिस्टन आत ढकललेला असतो, पहिलं पेडल थेट खाली जातं.

प्रश्न: रंग देताच जागोजागी गोल खड्डे पडतात, मध्ये धातू दिसतो. रॉकेलने स्वच्छ धुतलं होतं. (एक वाचक, सांगली)

उत्तर: रॉकेल हेच कारण. ते उडून गेल्यावर मागे तेलकट थर राहतो आणि बिडाच्या बारीक छिद्रांत मुरतो. टायर पॉलिशमधलं सिलिकॉनही हेच करतं. सुकल्यावर घासून काढा, ब्रेक क्लीनरने धुवा, पुसल्यावर उघड्या हाताने शिवू नका.

प्रश्न: ब्लीड निपलभोवतीचा (ब्रेक ऑइलमधली हवा काढायच्या तोंडाभोवतीचा) रंग मऊ होऊन पापुद्रे सुटले. पुन्हा तोच रंग देऊ का? (एक वाचक, पणजी)

उत्तर: आधी निपल कोरडं करून पेडल दाबा. ओल परत आली तर गळती आहे, रंगाचा विचार नंतर. ओल येत नसेल तर ब्लीड करताना सांडलेलं ब्रेक ऑइल तिथे राहिलं होतं. डॉट 3 आणि डॉट 4 प्रकारचं ब्रेक ऑइल ग्लायकोलचं असतं, साध्या स्प्रेचा रंग ते सोडवतं. सांडलं की लगेच भरपूर पाणी ओता, ते पाण्यात मिसळून वाहून जातं. पुढच्या वेळी हार्डनर मिसळायचा दोन घटकांचा कॅलिपर रंग घ्या, तो या ऑइलपुढे जास्त टिकतो. हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच घाला. कमी पडला तर रंग कायमचा चिकट राहतो, आणि तो नंतर वरून हार्डनर लावून सुधारत नाही, उतरवावाच लागतो. बऱ्याच हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. असा रंग स्प्रे करायचा तर त्यासाठीचं योग्य श्वसनयंत्र हवं, कापडी मास्क उपयोगाचा नाही.