प्राचीन ग्रीकमध्ये 'तू' आणि 'तुम्ही' कसे वापरतात?

तुम्ही विचारलंय की ग्रीकमध्ये 'तू, तुम्ही, आपण' यांना कोणते शब्द आहेत, आणि क्रियापदावरूनच पुरुष कळतो तर ते लिहायचे कधी.

आधी आदरार्थी बहुवचन विसरा. अभिजात ग्रीकमध्ये समोर एकच जण असेल, तर गुलाम असो, राजा असो की देव, त्याला 'स्यू'च. 'ह्यूमेइस' म्हणजे खरोखरच अनेक जण.

अ‍ॅटिक (अथेन्सच्या) बोलीत एकवचनाची रूपं अशी: प्रथमा 'स्यू', द्वितीया 'से', षष्ठी 'सू', चतुर्थी 'सोइ'. अनेकवचन: ह्यूमेइस, ह्यूमास, ह्यूमोन, ह्यूमीन. संस्कृतसारखं द्विवचनही आहे (स्फो, स्फोइन), पण ते क्वचितच भेटतं. 'स्यू' आणि 'सू' यांची गल्लत नको: पहिलं 'तू', दुसरं 'तुझा'.

'लेगेइस' एवढं म्हटलं की 'तू म्हणतोस' झालंच. 'स्यू' लिहिलंत की त्यावर जोर येतो, बहुधा विरोध दाखवायला: 'एगो मेन... स्यू दे...', म्हणजे 'मी तर..., तू मात्र...'. नवशिके प्रत्येक वाक्यात 'स्यू' घालतात आणि सगळं 'तूच म्हणतोस' असं वाजायला लागतं.

खरी अडचण 'सू, सोइ, से' यांची. जोर नसेल तेव्हा ही रूपं स्वतःचा आघात टाकून आधीच्या शब्दाला टेकतात, म्हणून त्यांनी वाक्याची सुरुवात होत नाही. संस्कृतात 'ते' (तुझा, तुला) आणि 'वः' (तुमचा, तुम्हाला) यांचं असंच आहे. सुरुवातीला, विरोधात आणि बहुतेक वेळा शब्दयोगी अव्ययानंतर आघातयुक्त रूप घ्यायचं.

'तुझे वडील' म्हणजे 'हो पतेर सू'. मराठीच्या सवयीने 'हो सू पतेर' लिहिलं जातं, ते चूक. उपपद (इथे 'हो') आणि नाम यांच्या मधे घालायचं असेल तर विशेषण घ्या: 'हो सोस पतेर'. ते 'तुझा-तुझी-तुझं'सारखं नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. 'स्वतःला'साठी नुसतं 'से' चालत नाही, 'सेअउतोन' लागतं. डेल्फीच्या मंदिरावरचं 'ग्नोथि सेअउतोन' (स्वतःला ओळख) तेच.

हस्तलिखितं वाचणार असाल तर आणखी एक. 'हेमेइस' (आम्ही) आणि 'ह्यूमेइस' (तुम्ही) यांचे उच्चार पुढे एकच झाले, 'इमिस'. त्यामुळे लेखनिकांनी एकाच्या जागी दुसरं लिहिलेलं सापडतं. नव्या करारात योहानाच्या पहिल्या पत्रात (1:4) 'आमचा आनंद' आणि 'तुमचा आनंद' असे दोन्ही पाठ आहेत. आधुनिक ग्रीकमध्ये मग 'एसी' (तू) यावरून 'एसिस' हे नवं 'तुम्ही' रूढ झालं.

आणि भाषांतरापूर्वी वचन तपासाच. लूक 22:31-32 मध्ये येशू शिमोनाशी बोलतोय, पण सैतानाने 'ह्यूमास' मागितलं, म्हणजे सगळ्या शिष्यांना. लगेच पुढची प्रार्थना मात्र 'पेरि सू', एकट्या शिमोनासाठी. इंग्रजीतून वाचलं तर दोन्हीकडे 'यू'च दिसतं.