अक्षरशः वाचन ही जुनी गोष्ट नव्हे

"पूर्वीचे ख्रिस्ती बायबलचा शब्द न् शब्द खरा मानायचे; डार्विन आल्यावर अडचण झाली, तेव्हा 'ते प्रतीकात्मक आहे' म्हणायला लागले" असं तुम्ही म्हणता आणि हे खरं का, असं विचारता. समज फार पसरलेला आहे, पण इतिहास जवळजवळ उलटा आहे.

तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित, अलेक्झांड्रियाचा ओरिजेन घ्या. बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकात सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो. मग पहिले तीन दिवस सूर्याशिवाय सकाळ-संध्याकाळ झाली हे कुठल्या शहाण्या माणसाला पटेल, असं तो सरळ विचारतो. त्याच्या मते असे अडथळे देवाने मुद्दामच ठेवलेत. वाचकाने ठेचकाळावं आणि खोल खणावं म्हणून. हे डार्विनच्या सोळाशे वर्षं आधी!

ही पद्धत कुठवर जायची, ते लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेत, दिसतं. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला लुटारू अर्धमेला करून टाकतात, याजक (पुरोहित) आणि लेवी (मंदिराचा सेवक) बघून पुढे निघून जातात, आणि यहुद्यांना नकोशा असलेल्या शेजारच्या जमातीतला शोमरोनी त्याला उचलून उतारशाळेत नेतो. ओरिजेन सांगतो: माणूस म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे नंदनवन, याजक म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, लेवी म्हणजे संदेष्टे, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे चर्च. पुढे ऑगस्टीन या धर्मपंडिताने तर उतारशाळेचा मालक म्हणजे ख्रिस्ताचा प्रेषित पौल, असंही ठरवून टाकलं. आज हे ओढूनताणून केलेलं वाटतं. पण फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकातली एक रंगीत काचांची खिडकी आहे. तिच्यात हा दाखला आणि आदाम-हव्वेची गोष्ट एकाखाली एक जोडलेली आहे. म्हणजे हजार वर्षांनंतरही हा अर्थ अगदी सर्वसामान्य होता.

विरोध होताच. अँटिऑकच्या परंपरेतल्या थिओडोरसारख्यांचं म्हणणं, असे अर्थ काढत बसलात तर घडलेला इतिहासच विरघळून जाईल. मध्ययुगात मग चार पदरांची चौकट रूढ झाली: यरुशलेम म्हणजे खरं शहर, चर्च, माणसाचा आत्मा आणि स्वर्गातलं नगरही. मात्र वाद घालताना आधार फक्त शब्दार्थाचाच घ्यायचा, हे मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसने बजावलं. चौदाव्या शतकातल्या निकोलस ऑफ लायराने तर शब्दार्थासाठी राशी या यहुदी भाष्यकाराचा भरपूर आधार घेतला. हा माणूस अशा चर्चांमध्ये उगाच दुर्लक्षित राहतो.

खरी उलथापालथ सोळाव्या शतकातली. शास्त्र, म्हणजे बायबल, स्वतःच पुरेसं आणि स्पष्ट आहे, पोपची गरज नाही, असं प्रोटेस्टंट सुधारणेचा जर्मन प्रणेता ल्यूथर म्हणाला. पण 1529 साली जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात तो आणि स्विस सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले, तेव्हा ल्यूथरने टेबलावर खडूने 'हे माझे शरीर आहे' हे ख्रिस्ताचं भाकरीबद्दलचं वाक्य लॅटिनमध्ये लिहून ठेवलं. झ्विंग्लीच्या मते इथे 'आहे' म्हणजे 'दर्शवते'. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं. प्रभुभोजनावर, म्हणजे या भाकरीच्या विधीवर, अडलं ते अडलंच. शोमरोन्याच्या जुन्या रूपकाबद्दल कॅल्विन या आणखी एका सुधारकाने तर स्वच्छ लिहिलं, की मला ते रुचत नाही, शास्त्राचा सहज अर्थ असा झाकायचा अधिकार आपल्याला नाही.

माझ्या मते इथून पुढचं सगळं याच 'सहज अर्था'तून निघालं. आर्चबिशप अशरने 1650 साली बायबलमधल्या पिढ्या नि राजवटी मोजून जगाची निर्मिती इसवी सनपूर्व 4004 मध्ये झाली असा हिशेब मांडला. वीसच वर्षांनी स्पिनोझा या तत्त्वज्ञाने, परंपरेने मोशेच्या नावावर असलेली पुस्तकं तितक्याच काटेकोरपणे वाचून विचारलं, मोशेच्या मृत्यूची आणि दफनाची हकिकत मोशेनेच कशी लिहिली असेल? कट्टर शब्दार्थवादी आणि ऐतिहासिक चिकित्सक एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण ही सख्खी भावंडं आहेत.

एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांनी पंचग्रंथाचे, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचे, वेगवेगळे स्रोत सुटे केले. प्रतिक्रिया म्हणून अमेरिकेत 1910 ते 1915 दरम्यान 'द फंडामेंटल्स' या पारंपरिक श्रद्धेची बाजू मांडणाऱ्या पुस्तिका निघाल्या. गंमत म्हणजे त्यातल्या जेम्स ऑरसारख्या लेखकाला उत्क्रांतीचं तितकं वावडं नव्हतं. भांडण मुख्यतः चिकित्सेशी होतं. कॅथलिक चर्चने बरीच वर्षं हात आखडता घेतला, पण 1943 साली पोप बाराव्या पायसने अभ्यासकांना प्राचीन साहित्यप्रकार लक्षात घेऊन वाचायला सांगितलं.

शोमरोन्याचा दाखलाही यातून सुटला नाही. युलिशर या जर्मन अभ्यासकाने दाखल्यांवरची रूपकं खरवडून काढली: एका दाखल्याचा मुद्दा एकच. आणि 3 एप्रिल 1968 ला मेम्फिसमध्ये, सफाई कामगारांच्या संपाच्या सभेत, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंगने हीच गोष्ट सांगितली. यरीहोचा रस्ता त्याने स्वतः गाडीतून पाहिला होता. वळणावळणाचा, दबा धरायला सोयीचा. याजकाने विचारलं असेल, थांबलो तर माझं काय होईल? शोमरोन्याने विचारलं, मी थांबलो नाही तर याचं काय होईल? हे ऑगस्टीनचं रूपक नव्हे आणि युलिशरचं संशोधनही नव्हे. किंगने सरळ आपल्या श्रोत्यांनाच त्या रस्त्यावर उभं केलं आणि 'याचं' च्या जागी सफाई कामगार घातले.