वाचकांचे प्रश्न : इतक्या वेळा पडलेला माणूस मोठा कसा?

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही फ्लॉइड पॅटर्सनला मोठा बॉक्सर म्हणालात, ते काही पटलं नाही बुवा. हात फास्ट होते मान्य, पण जबडा कच्चा. जोहान्सनने एका राउंडमध्ये ७ वेळा पाडलं, लिस्टनने दोनदा पहिल्याच राउंडमध्ये झोपवलं, असा माणूस हेवीवेटच्या मोठ्या नावांत कसा बसवायचा? की आपण नुसते त्याच्या सज्जनपणाचे मार्क देतोय?

उत्तर : सज्जनपणाचे मार्क बरेच लोक देतात, ते तुमचं खरं आहे. म्हणून आधी ते बाजूला ठेवू आणि रिंगमध्ये काय झालं तेवढंच बघू.

जबडा कच्चा होता, हे मी नाकारणार नाही. पण एक हिशोब करा, ६४ फाइट्स, त्यात ५५ जिंकल्या, ८ हरला, १ बरोबरीत. त्या ८ मधल्या ३ जजच्या पॉइंट्सवर गेल्या, बाकीच्या ५ मध्ये फाइट आधीच थांबली. म्हणजे २० वर्षांत त्याला थांबवलं तीनच माणसांनी, जोहान्सनने एकदा, लिस्टनने दोनदा, मोहम्मद अलीने दोनदा. तिघंही हेवीवेट चॅम्पियन. ज्याचा जबडा खरंच काचेचा असतो ना, त्याला कुठलातरी अनोळखी गडी येऊन कधीतरी आडवा करून जातो, तसं पॅटर्सनचं कधीच झालं नाही. तो पडायचा, उठायचा आणि बहुतेक वेळा जिंकायचा. रॅडमाकरचंच घ्या, हा ऑलिंपिक चॅम्पियन आणि १९५७ मध्ये त्याची पहिलीच प्रोफेशनल फाइट, तीही थेट वर्ल्ड टायटलसाठी (कल्पना कोणाची होती देव जाणे), त्याने पॅटर्सनला दुसऱ्या राउंडमध्ये खाली बसवलं आणि सहाव्यात स्वतःच संपला.

आता तो इतका पडायचा का, तर माझ्या मते जबड्याइतकाच दोष त्याच्या स्टाइलचा. त्याचा ट्रेनर कस डमाटोने त्याला दोन्ही हात गालाला चिकटवून, पाय जवळजवळ शेजारी-शेजारी ठेवून उभं राहायला शिकवलं. त्यातून तो लेफ्ट हुक (डाव्या हाताने बाजूने मारायचा पंच) मारताना अक्षरशः उडी घ्यायचा, दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले. बसला तर समोरचा गेला, पण हुकला की हा लँड होताना तोल नाही, मागचा पाय टेकलेला नाही, त्या क्षणी साधा पंचसुद्धा माणसाला बसवतो. आणि वजन! १९५६ मध्ये आर्ची मूरला हरवून तो २१ व्या वर्षी चॅम्पियन झाला, तेव्हाचा सगळ्यात तरुण (तो रेकॉर्ड १९८६ मध्ये माइक टायसनने मोडला, तोही डमाटोचाच चेला), पण अंगाने आजच्या क्रूझरवेटचाच (म्हणजे हेवीवेटच्या खालचा गट). लिस्टनसमोर १८९ पाउंड विरुद्ध २१४, हातांची रीच ७१ इंच विरुद्ध ८४. उडी मारून पोचेपर्यंत समोरच्याचा जॅब (सरळ पंच) तोंडावर आलेला असायचा.

तुम्ही म्हणता तो जोहान्सनचा राउंड, १९५९ चा तिसरा, परत एकदा बघाच. पहिल्यांदा पडून उठल्यावर पॅटर्सन पाठ फिरवून चक्क कोपऱ्याकडे चालायला लागतो, कारण डोकं इतकं बधिर झालेलं की त्याला वाटतंय आपणच जोहान्सनला पाडलंय. जोहान्सन मागून येऊन परत मारतो. पुढचे नॉकडाउन हे अशा माणसाचे आहेत, रेफरीने खरं तर आधीच थांबवायला हवं होतं. आणि जवळजवळ वर्षभराने, २० जून १९६० ला, पाचव्या राउंडमध्ये तोच उडीवाला लेफ्ट हुक. जोहान्सन पाठीवर पडलाय, एक पाय थरथरतोय, तोंडातून रक्त, आणि पॅटर्सन नाचायचं सोडून त्याच्याजवळ गुडघ्यावर बसलाय. हेवीवेटचं टायटल गमावून परत मिळवणारा तो पहिला माणूस. आधीच्या चॅम्पियनपैकी डेम्प्सी, शार्की, लुईस कोणाला जमलं नव्हतं ते.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे, चॅम्पियन म्हणून त्याने कोणाशी फाइट केल्या बघा. डमाटोचं तेव्हाच्या बड्या प्रमोटर्सशी वैर, त्यामुळे मॅचन, फॉली हे तगडे गडी दरवाज्याबाहेरच राहिले, आणि लिस्टनशी फाइट पॅटर्सनने शेवटी डमाटोचा विरोध मोडून घेतली. म्हणून चॅम्पियन असतानाचा पॅटर्सन मला तरी सगळ्यात कमी इंटरेस्टिंग वाटतो. बेल्ट गेल्यावर माणूस सुटला. १९६४ मध्ये मॅचनला हरवलं, १९६५ मध्ये चुवालोला १२ राउंड तोडीस तोड मारून हरवलं, १९६८ मध्ये स्टॉकहोमला एलिसशी १५ राउंड खेळला आणि निकाल विरुद्ध गेला तरी ती फाइट त्याने जिंकली असं मानणारे आजही आहेत (मी त्यातलाच), १९७२ मध्ये ३७ व्या वर्षी बोनाव्हेनाला हरवलं. कच्च्या जबड्याचा माणूस अशा तगड्या गड्यांसमोर १०-१५ राउंड टिकतो का, तुम्हीच सांगा.

टॉप टेन हेवीवेटमध्ये मात्र मी त्याला बसवणार नाही. लिस्टनचे दोन्ही राउंड मिळून सव्वाचार मिनिटं होतात, आणि ते पुसता येत नाहीत.

प्रश्न : तो खोटी दाढी लावून पळाला होता म्हणे, खरं का? असा घाबरट माणूस चॅम्पियन कसा?

उत्तर : खरं आहे. १९६२ ला शिकागोत लिस्टनकडून हरल्यावर तो दाढी चिकटवून बाहेर पडला, वेशांतर करून माद्रिदपर्यंत गेला. पण बघा ना, दाढी त्याने आधीपासून सोबत आणलेली होती, म्हणजे हरायची तयारी करून रिंगमध्ये उतरलेला माणूस. याला घाबरट म्हणा हवं तर, पण भीती मारापेक्षा लोकांच्या नजरेची होती, लिस्टनसमोर तर तो वर्षाच्या आत परत उभा राहिला.

मारापायी किंमत मोजली ती नंतर. न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग कमिशनचा प्रमुख असताना १९९८ मध्ये एका जबानीत, टायटल कोणाला हरवून जिंकलं हेच त्याला आठवेना, आणि त्याने राजीनामा दिला. २००६ मध्ये गेला.

प्रश्न : त्याची एकच फाइट बघायची तर कुठली?

उत्तर : चुवालोची, १ फेब्रुवारी १९६५, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. आवाज चालू ठेवून बघा, पब्लिक कसं पेटतं ते ऐकण्यासारखं आहे. लिस्टनच्या दोन फाइट्स शेवटी बघा, वेळ फार लागणार नाही.