भावाचं किडनी ट्रान्सप्लांट झालेलं आहे, आता खुब्याचा सांधा बदलायचा आहे, पण पुण्यात कोणीच तारीख देत नाही. कोणाचं ऐकायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: भावाच्या ट्रान्सप्लांटला काही वर्षं झाली, स्टेरॉइडमुळे एव्हीएन झालं (रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड मरतं ते), सांधा बदलायचा हे ठरलं. हाडांचे डॉक्टर म्हणतात नेफ्रोकडून, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडून, फिटनेस आणा. नेफ्रो म्हणतात सर्जन तयार असतील तर करा. भूलतज्ज्ञ म्हणतात आधी त्या दोघांचं ठरू दे. मी याच फेऱ्यातून गेले आहे. माझी किडनी आईने दिलेली, बदलला तो डावा खुबा, आणि हे सगळं पुण्यातच झालं. म्हणून सविस्तर लिहिते.

कोणाचं ऐकायचं, याचं माझं उत्तर: नेफ्रोंचं. पण त्यांच्याकडून नुसता फिटनेस घेऊ नका, प्लॅन लिहून घ्या. ‘फिट फॉर सर्जरी, मॉडरेट रिस्क’ एवढ्या एका ओळीवर कोणीही सर्जन निर्धास्त होत नाही. त्याला जे हवं असतं ते त्या ओळीत नसतंच. कोणत्या गोळ्या चालू ठेवायच्या, कोणत्या थांबवायच्या, सलाइन किती द्यायचं, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) कितीच्या वर गेलं तर कोणाला फोन करायचा, हे कागदावर आलं की बोलण्याचा सूरच बदलतो. माझ्या बाबतीत तारीख मिळाली ती असा पानभर कागद हातात आल्यावर. त्याआधी प्रत्येक केबिनमध्ये तीच फाइल पहिल्या पानापासून उघडली जायची आणि ‘बघू’ म्हणून मिटली जायची.

डॉक्टर मागे का सरतात याला कारण आहे. कृत्रिम सांध्यात जंतू शिरले तर तो पुन्हा उघडावा लागतो, कधी काढूनही टाकावा लागतो, आणि आपली प्रतिकारशक्ती तर औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. त्यात ऑपरेशननंतर क्रिएटिनिन वाढलं तर बोट सर्जनकडेच दाखवलं जाणार. ही भीती मला समजते. ‘ही केस मी घेणार नाही, दुसरीकडे दाखवा’ असं तोंडावर सांगणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला आजही आदर आहे, कारण त्यांनी माझा वेळ घालवला नाही. त्रास झाला तो ‘पुढच्या आठवड्यात फोन करा’ म्हणणाऱ्यांचा. तो फोन केला की रिसेप्शनवरून कळायचं, सर परगावी आहेत. दरम्यान ईसीजी आणि टू-डी इको जुने झालेले असायचे, मग ते पुन्हा. ते येईपर्यंत युरिन कल्चरमध्ये काहीतरी उगवलेलं असायचं. ट्रान्सप्लांटवाल्यांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात, त्यात नवल नाही, पण सांधा बदलायच्या आधी सर्जनला तो रिपोर्ट स्वच्छ हवा असतो. असं एकेक करत तारीख पुढे जाते.

एका डॉक्टरांनी मला विचारलं होतं, किडनी महत्त्वाची की चालणं? या प्रश्नाचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. आईने किडनी दिली ती मी पलंगावर पडून राहावं म्हणून दिली नव्हती. शिवाय हा हिशेबच चुकीचा आहे. चालणं थांबलं की वजन, साखर, बीपी सगळं वाढतं, हाडं आणखी कमजोर होतात, आणि याचा त्रास शेवटी किडनीलाच होतो. इतरांसारखं डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊन दिवस ढकलणंही आपल्याला शक्य नाही. प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस चालू असताना त्या गोळ्या किडनीला आणखी घातक. उरतं पॅरासिटामॉल, आणि फार तर ट्रॅमाडॉल. तुमच्या भावाला कोणी ‘थांबा, घाई काय आहे’ म्हणत असेल तर थांबण्याचे हे तोटे तुम्ही त्यांच्यासमोर मांडा.

हॉस्पिटल निवडताना नातेवाईक सर्जनचं नाव बघतात. मी म्हणेन, आधी नेफ्रो बघा. भावाचे नेफ्रो जिथे रोज राउंड घेतात तिथेच ऑपरेशन करा, मग सर्जन यादीतला दुसरा किंवा तिसरा असला तरी चालेल. पुण्यात फक्त हाडांची अशी छोटी हॉस्पिटलं पुष्कळ आहेत आणि तिथे सांधे उत्तम बसवले जातात. पण रात्री अकरा वाजता लघवी कमी झाली तर तिथे कोण येणार? शक्य असेल तर ॲडमिशनच्या कागदावर दोन्ही डॉक्टरांची नावं घालून घ्या. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ट्रान्सप्लांटची परवानगी असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटर असणं कायद्याने बंधनकारक आहे. १९९४ च्या मूळ कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून ही अट आहे. त्यांचं काम मुळात अवयवदानाचं, पण कोणते भूलतज्ज्ञ अशा रुग्णांना भूल देतात हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. माझ्यासाठी नेफ्रो, सर्जन आणि भूलतज्ज्ञ अशा तिघांना एकाच दिवशी एका खोलीत आणलं ते को-ऑर्डिनेटर ताईंनी. ते काम माझ्याच्याने होत नव्हतं.

आता त्या प्लॅनमध्ये काय असावं ते. भाऊ सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस घेत असेल तर हे पहिलं विचारा, कारण या औषधांनी जखम भरायला वेळ लागतो आणि ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी ती बऱ्याचदा काही आठवडे बदलून देतात. म्हणजे हा विषय आदल्या दिवशी काढून उपयोग नाही. वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन चालू असेल तर ऑपरेशनच्या वेळी स्टेरॉइडचा जादा डोस लागेल का, हे भूलतज्ज्ञांना विचारा. रक्त चढवायची वेळ आलीच तर पांढऱ्या पेशी काढलेलं, फिल्टर केलेलं रक्त मागा, आणि ते आधी सांगून ठेवा. बाहेरच्या रक्तामुळे शरीरात अँटिबॉडी तयार होतात आणि उद्या पुन्हा किडनी लागली तर जुळणं अवघड होतं. नवी किडनी पोटात खाली, उजवीकडे की डावीकडे आहे, हे सर्जनला स्वतः तोंडाने सांगा. खुब्याच्या ऑपरेशनला बऱ्याचदा कुशीवर झोपवतात आणि आधार लावतात, तो दाब किडनीवर यायला नको. डायलिसिससाठी हातात केलेला फिस्टुला (शीर आणि धमनीची जोडणी) अजून चालू असेल तर त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा: या हाताला बीपी नाही, सुई नाही.

वॉर्डमध्ये सगळ्यात जास्त सावध राहायचं ते गोळ्यांच्या बाबतीत. रात्री बारानंतर पोटात काही नाही असं सांगितलं की सिस्टर सगळ्याच गोळ्या बंद करतात. त्यांची चूक नाही, त्यांना तसंच शिकवलेलं असतं. पण टॅक्रोलिमसची वेळ चुकवायची नसते. घोटभर पाण्याबरोबर ती द्यायची का, हे नेफ्रोंकडून लेखी घेऊन केस पेपरला लावा. गोळ्या घरच्याच, नेहमीच्याच कंपनीच्या न्या. ब्रँड बदलला तर औषधाची रक्तातली लेव्हल पुन्हा तपासावी लागते. लेव्हलचं रक्त सकाळचा डोस घेण्याआधी द्यायचं असतं, त्यामुळे लॅबचा माणूस दहा वाजता येणार असेल तर भावाने आठ वाजता गोळी घेऊन मोकळं होऊ नये. दुखतंय म्हटल्यावर हाडांच्या वॉर्डात हात आपोआप डायक्लोच्या इंजेक्शनकडे जातो, म्हणून फाइलच्या दर्शनी पानावर लाल पेनने ‘डायक्लो, किटोरोलॅक, अमिकासिन, जेंटामायसिन नेफ्रोंना विचारल्याशिवाय नको’ असं लिहून घ्या. क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनॅझोलने टॅक्रोलिमसची लेव्हल चढते, रिफाम्पिसिनने घसरते. ही नावं रात्रपाळीला सोबत बसणाऱ्या माणसाला माहीत हवीत. आणि भेटायला येणाऱ्यांना शहाळी आणू नका म्हणावं. टॅक्रोलिमसने पोटॅशियम आधीच वाढतं, त्यात शहाळ्याचं पाणी नको.

विम्याचं थोडक्यात सांगते. ट्रान्सप्लांट लपवलेलं नसेल तर घाबरू नका. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची कमाल मुदत २०२४ मध्ये ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आली आहे. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा, असंही विमा नियामकाने त्याच वर्षी सांगितलंय. टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था, एव्हीएनचं कारण विचारणारच. सर्जन आणि नेफ्रो या दोघांच्या कागदांवर एकच मजकूर असू द्या, माझं प्रकरण त्या तफावतीवरच अडकलं होतं. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

तारीख मागताना गणपतीचे दहा दिवस टाळा. पेठांमधले रस्ते बंद असतात, आणि घरी गेल्यावर ड्रेसिंगला किंवा रक्ताला जायचं म्हटलं तर रिक्षा मिळत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी सगळे घरी जायच्या घाईत असतात, पण बिल भरायच्या आधी डिस्चार्ज कार्डावरची औषधांची यादी जुन्या यादीशी ओळीने ताडून बघा. पॅरासिटामॉलबरोबर ॲसिक्लोफिनॅक मिसळलेली गोळी त्यात हमखास असते. ती खोडून घ्या, आणि क्रिएटिनिन व टॅक्रोलिमसची लेव्हल कोणत्या तारखेला करायची ते त्याच कार्डावर नेफ्रोंच्या सहीनिशी लिहून घ्या. टाके काढायची तारीख सर्जनचं हॉस्पिटल न मागता देतं, ही मात्र मागावी लागते.